हातोडी माझ्याकडे असते

उमेओ विद्यापीठाच्या या इमारतीत
किल्ल्या, बल्ब, तुंबलेले नळ आणि एक हातोडी
एवढं माझ्या ताब्यात.
हातोडी वर्षातून आठ-दहा वेळाच बाहेर निघते.
इथली रीत अशी, की प्रबंध छापून आला
की परीक्षेच्या तीन आठवडे आधी
सगळ्यांदेखत तो फळीवर ठोकायचा,
खऱ्या खिळ्यानं.
हे माझं म्हणणं. या, वाचा, चुका काढा.

आज इल्वा ठोकणार आहे.

पहिल्यांदा आली ती मुलाखतीला.
बूट दाराशी काढून, ओल्या मोज्यांवर,
मला म्हणाली, चारशे बारा कुठं?
दाखवली. वीस मिनिटांत परत.
जागा दुसऱ्याला गेली.
पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा चारशे बारा, पुन्हा नाही.
तिसऱ्या खेपेला तिनं खोली विचारली नाही,
मीही जिना पुसताना मान वर केली नाही.
कुणी बघत नसलं की बरं पडत असेल, वाटलं.

विषय दलदलीचा.
उत्तरेला, जिथं पाइनसुद्धा
शंभर वर्षांत गुडघ्याएवढाच वाढतो,
तिथल्या शेवाळाखाली पाणी कसं मुरतं, किती मुरतं.
मी म्हटलं, पाणी कुठं मुरतंय ते शोधायचं तर
आमच्या तळघरात ये, फुकट दाखवतो.
हसली.
पहिल्या वर्षी ती हसायची.

मग मार्गदर्शक बाई नोकरी बदलून गॉथेनबर्गला गेल्या,
नवे आले त्यांना शेवाळात रस नव्हता,
आकड्यांत होता.
चौथ्या हिवाळ्यात मी मजल्यामजल्यावरचे दिवे घालवत जायचो
आणि एक उरायचा.
किती राहिलं, असं मी कधी विचारलं नाही.
ते विचारायला तिची आई होती,
घरमालक होता,
आणि शेलेफ्तेओतला तो मुलगा, जो नंतर विचारेनासा झाला.

जुलै. सगळे सुट्टीवर.
मोठा फ्रीजर बंद पडला.
रात्रीचे दोन, पण आमच्याकडे तेव्हा रात्र कसली,
खिडकीत फिकट दुधासारखा उजेड,
आणि जमिनीवर बसलेली इल्वा, भोवती
तीनशे चाळीस नळ्या,
चार उन्हाळ्यांचा चिखल, पाझरू लागलेला.
मी कँटीनचं कुलूप काढलं. काढायचं नसतं.
आइस्क्रीमचे डबे बाहेर, नळ्या आत.
मग मागच्या पायरीवर बसून
ते पातळ होत चाललेलं क्लाउडबेरीचं आइस्क्रीम
दोघांनी खाल्लं, टाकवेना म्हणून.

ती म्हणाली, एव्हर्ट,
हे सगळं मिळून पाच माणसं वाचतील.
त्यातली तीन पगारी.

माझा बाप नदीत ओंडके सोडायचा.
प्रत्येकावर मालकाची खूण, कुऱ्हाडीनं केलेली.
दीडशे मैल खाली, गिरणीच्या तोंडाशी,
एक माणूस पाण्यात उभा राहून
एकेक खूण वाचायचा आणि ओंडका वेगळा काढायचा.
त्या माणसाला बापानं कधी पाहिलं नाही.
हे मी तिला सांगितलं की नुसतं मनात आलं,
आता आठवत नाही.
डबा संपला, एवढं पक्कं.

आज कॉफी, केक, वीसेक माणसं.
नवे मार्गदर्शक घड्याळ बघतायत.
पहिला खिळा वाकला. वाकतोच,
म्हणून मी खिशात चार ठेवतो.
दुसरा गेला.
आभारांच्या पानावर शेवटची ओळ माझी:
एव्हर्ट सांडबर्ग यांना, फ्रीजरसाठी.
मी सांडग्रेन.
इल्वानं तोंडावर हात ठेवला, दोनशे प्रती छापून झाल्यात.
म्हटलं, असू दे गं, परीक्षेत विचारणार नाहीत.

सगळे गेल्यावर हातोडी पुसून ठेवली.
फळी बदलायला झालीय,
तिच्यात लाकूड कमी, भोकंच जास्त.
वरती अर्ज केलाय.
तिसऱ्यांदा.