क्विल्बीची पाटी

रेल्वेवाल्यांनी सासकॅचवानच्या सपाटीवर
एबीसीडीच्या क्रमाने गावं टाकत नेली.
आमच्या वाट्याला क्यू आला.
क्यूवरून कुणाला फार काही सुचत नाही.
क्विल्बी.

हमरस्त्यावरची पाटी मी रंगवतो.
आधी बाप रंगवायचा, दर पाच वर्षांनी,
शिरगणती झाली की.
आठशे बारा. सहाशे चाळीस. तीनशे तीन.
अक्षरं तीच राहतात, आकडा तेवढा खरवडायचा.

अक्षरं अशी: पॅट हॅवर्ड यांचं जन्मगाव.
त्याखाली, बोटभर उंचीत: परास्का हाव्रिलुक.
कुठलं नाव वर, यावर समितीच्या तीन बैठका झाल्या.
दुसरीत खुर्ची मोडली.

ती शीळ घालायची.
एवढंच. गाणं नाही, नाच नाही,
चेहरासुद्धा नाही.
सिनेमात घोड्यावरून कुणी शीळ घालत दूर जायचा,
ओठ त्याचे, वारा तिचा.
साबणाच्या जाहिरातीतला पक्षी, तोही तीच.
आणि शनिवारी साडेसातला टोरांटोहून रेडिओवर
अर्धा तास, पियानोच्या खांद्यावर बसल्यासारखी.

घरात शीळ घातली की पैसा निघून जातो,
असं आमच्या आया म्हणायच्या.
हाव्रिलुकांच्या घरात जायला पैसाच नव्हता,
म्हणून तिला कुणी अडवलं नसावं.
बाप धान्याच्या कोठारावर, वर, यंत्राच्या घरघरीत.
तिथे हाक पोचायची नाही. शीळ पोचायची.
एक लांब: जेवायला ये.
दोन आखूड: ट्रक आलाय.

पुढे एका शनिवारी
रेडिओवरच्या सुरावटीत मध्येच दोन आखूड आल्या,
तर म्हातारा ताटावरून उठला,
बूट चढवून दारापर्यंत गेला,
आणि मग तिथेच उभा राहिला, कडीला हात लावून.
माझ्या आईने पाहिलंय. ती बीट द्यायला गेली होती.

त्याच वर्षी निवेदकाने तिला विचारलं,
मूळच्या कुठल्या तुम्ही?
ती म्हणाली, रेजायनाजवळची.
जवळची म्हणजे दोनशे दहा मैल.
दुकानात आम्ही सगळे रेडिओभोवती,
कुणी काही बोललं नाही,
दुकानदाराने उगाच वजनं पुसून ठेवली.
पिकतं तिथं विकत नाही, हे खरंच;
आमच्याकडे तर पिकतं ते वॅगनीत भरून जातं
आणि पोत्यावर शिक्का बंदराचा बसतो.
गव्हाला कुणी विचारत नाही.
तिला विचारलं होतं.

असो.
त्या सप्टेंबरात मी शिडीवर होतो,
सत्त्याण्णवमधला सात ओला.
भाड्याची गाडी थांबली. एक म्हातारी उतरली,
डोक्याला रुमाल, पायात शहरी बूट.
मी ओळखलं नाही. चेहरा कुणी पाहिला होता?
तिने पाटी वाचली. वरचं नाव, खालचं नाव,
मग म्हणाली, ल्यु हवा. हाव्रिल्युक.
चाळीस वर्षं चुकीचं लिहिलंय तुम्ही.

माझ्या हातून कुंचला ठिबकला.
सुचेना, म्हणून तेच मागितलं जे मागू नये:
एकदा, थोडीशी?
तिने नखाने दातांवर टकटक केली.
हे नवे आहेत. आता नुसता वारा जातो.

वारा होताच. पश्चिमेकडून, कापलेल्या रानावरून.
पाटीला एक भोक आहे, ज्यूनियरांच्या पोरांनी
दारू पिऊन बंदुकीने पाडलेलं,
त्यातून तो बारीक, लांब वाजत राहिला.
तिने मान कलती केली.
पुरतं ऐकून घेतलं.
जरा उतरलाय, म्हणाली.

गाव तिथून दोन मैल.
गाडी वळली ती आली त्या दिशेला.

मी ल्यु दुरुस्त केला.
भोक बुजवायला लांबी आणली होती, घरून, खास.
डबा उघडला नाही.