लाल ठिपक्याकडे बघा

लुद्विना काव्युलोक, वय एकाहत्तर,
गाव कोन्याकुफ, डोळा डावा.
कागदावर एवढंच.
खुर्चीत मात्र तिच्यासोबत येऊन बसतं
क्रोशाची सुई धरून धरून वाकडं झालेलं बोट,
आणि एक तक्रार:
क्राकूफची बस आज फार उशिरा निघाली.

डोळ्याच्या पडद्यामागे तीळ होता तिच्या.
कधीपासून, कुणाला माहीत.
मग तो वाढला.
चष्मेवाल्याला वाटलं, मोतीबिंदू.
तिला वाटलं, बल्ब जुना झालाय.
धागा पांढरा, मेजावरचं कापड पांढरं,
आणि मधला एक खांब
रोज दिसेनासा.

डॉक्टरांनी समजावलं:
डोळ्याच्या पांढऱ्या कवचावर, मागच्या बाजूला,
गाठीच्या कडेकडेने चार चकत्या शिवायच्या,
टँटलमच्या, तांदळाच्या कणीएवढ्या,
म्हणजे किरण कुठे सोडायचे ते आम्हाला कळेल.
बाकीचे विचारतात, दुखेल का, दिसेल का, मरेन का.
हिने विचारलं, धागा कुठला?
आणि गाठ कशी मारता?
डॉक्टर मग ओळखपत्राच्या दोरीवर
गाठ मारून दाखवत बसल्या.
चालेल, म्हणाली.
मी असते तर अजून एक वेढा दिला असता.

तिच्या मावशीचा डोळा काढला होता, एकसष्ट साली.
काचेचा बसवला. रात्री तो कपात असायचा,
आणि मुलं त्या कपातून कधी दूध प्यायली नाहीत.

माझं काम लहान आहे.
मुखवटा बसवायचा,
तिच्याच दातांचा साचा तिच्या दातांखाली द्यायचा,
पापण्या तारेने अलग धरायच्या, थेंब सोडायचे
आणि म्हणायचं, लाल ठिपक्याकडे बघा.
मग मी बाहेर जाते. सगळेच जातात.

पडद्यावर तिचा डोळा उगवतो
परातीएवढा, करडा, कडेला पिवळसर.
मी मार्करने काचेवर त्याची कड गिरवते.
तो रेषेबाहेर सरकला, की थांबवायचं.
पापणी लवायच्या आत झालं, असं आपण म्हणतो.
इथे पापणीला लवायची परवानगीच नाही
आणि चाळीस सेकंद संपता संपत नाहीत.

प्रोटॉनना आवाज नाही, वास नाही.
ते आत शिरतात, ठरल्या मिलिमीटरपर्यंत जातात,
तिथे सगळं ओझं उतरवतात
आणि थांबतात.
मागे मेंदू आहे, त्याच्या दारात पाऊल नाही.
कुठे थांबायचं हे इतकं कळणारं
आमच्या घराण्यात कुणी झालं नाही.

दुसऱ्या दिवशी डोळा रेषेबाहेर गेला.
मी थांबवलं. माइकवर विचारलं, काय झालं?
दातांत साचा, त्यामुळे उत्तर नंतर मिळालं:
साखळी मोजत होते. सदतिसाव्याला चुकले.
मोजा, म्हटलं, पण डोळ्यांनी नको.

चौथा दिवस, शेवटचा.
चकत्या कधी काढणार?
नाही काढत. राहतात.
म्हणजे माझ्यासोबत मातीत?
हो.
ती बराच वेळ कोटाची बटणं लावत राहिली.
वेदीवर, पाळण्यावर, नवऱ्यामुलींच्या टोप्यांवर
जन्मभर मी टाके घातले, म्हणाली.
माझ्यावर एवढं बारीक काम
कुणी केलं नव्हतं.

नऊ महिन्यांनी आली.
गाठ पावणेदोन मिलिमीटरने बसलेली.
डोळा शाबूत. नजरेच्या मधोमध मात्र धुरकट भोक,
तेही पुढे वाढेल बहुधा.
हे आम्ही आधी सांगितलं होतं,
सही घेतली होती.
सही घेतल्याने काय होतं.

बाहेरच्या बाकावर तिने पिशवीतून विणकाम काढलं.
बघत नव्हती. अंगठा चाचपत होता.
मी भोकाबद्दल काहीतरी बोलायला गेले, धीराचं.
अगं, लेस म्हणजे भोकंच असतात, म्हणाली,
धागा नुसता कडेला.
मग नातीवर घसरली:
हात वेगाने चालतो तिचा, पण उसवायचा कंटाळा.

त्या रात्री जेवण झाल्यावर
मी दिवा मालवला
आणि हीटरच्या लाल ठिपक्याकडे बघत
मोजायला लागले.

अकराला पापणी लवली.