पारडी बदलून

उदगीरच्या मोंढ्यामागं आमचं दुकान.
खाली काटा-दुरुस्ती, वर मी.
खाली दादा पितळी पारडं लिंबानं घासतात,
वर माझ्या पडद्यावर एक अवजार
दोन तक्ते तोलतं:
मी कोडात लिहिलेला, आणि डेटाबेसात खरोखर असलेला.
फरक सापडला की मायग्रेशन लिहितं,
नाही सापडला की गप्प.

गेला महिनाभर मात्र रोज सकाळी सत्तेचाळीस फरक,
कुणी कशाला हात लावलेला नसताना.
न्यूमेरिक, कंसात बारा, स्वल्पविराम, दोन.
एकीकडं स्वल्पविरामापुढं मोकळी जागा, एकीकडं नाही,
एवढ्यावर त्याला अख्खा कॉलम बदलायचा असतो.
मी म्हणते इंटिजर, डेटाबेस म्हणतो इंट-फोर,
आणि हे ओरडतं
जसा कुणी परका घरात शिरलाय.

परका कुठला.
आमच्या गल्लीत आई अंबाडी म्हणते,
शेजारच्या कलावतीबाई पुंडी,
कोपऱ्यावरचे नरसय्या गोंगुरा,
आणि तिघं एकाच पाटीतून जुड्या उचलतात,
एकाच भावानं भांडतात.

मी तेच त्याला शिकवलं.
जागा पुसून टाक. मोठी-लहान लिपी सारखी धर.
हे नाव म्हणजे ते नाव, अशी यादी दिली.
आणि शेवटी, कंटाळून, रात्री दीडला, एक ओळ:
लांबी लिहिलेली नसेल तर लांबी विचारू नकोस.
सत्तेचाळीसचे नऊ झाले, नवाचे शून्य.
इन्व्हर्टर पिंपिं करत होता. मी झोपले.

चार दिवसांनी डाळमिलच्या ऑफिसातून फरहाना:
“उमा, ये क्या हुआ जी, पावती पे नाम कट रा.”
तिनं फोटो पाठवला.
तूर, अकरा क्विंटल चाळीस किलो,
बसवलिंगप्पा गुरुपादप्पा म

आणि पुढं कोरा कागद.

काना-मात्रा धरून पंचवीस. मी बोटानं मोजले.
कोडातली मर्यादा मी मागच्याच आठवड्यात काढली होती,
डेटाबेसात ती तशीच,
आणि अवजार म्हणत होतं: सगळं जुळतंय.

आधी ते नसलेला फरक रोज सांगायचं,
तेव्हा निदान मी रोज बघायची.

जेवायला खाली आले. दादा एका किराणावाल्याचा
जुना काटा घेऊन बसले होते.
“काय करलालीस माय, तोंड का उतरलं?”
मी म्हटलं, तुमचंच काम, वजनाचं.
ते हसले. रिकामा काटा उचलून दाखवला.
काटा मध्यावर, एकदम सरळ.
“सरळ हाय म्हनून खरा समजलीस का?”
डावीकडं किलोचं माप, उजवीकडं गूळ. जुळलं.
मग गूळ डावीकडं, माप उजवीकडं.
उजवं पारडं खाली बसलं.
“दांडी एकीकडं लांब हाय. वर पासंग लावून झाकलंय.
पारडी बदलल्याबगर कळत नस्तंय.”

भाकरी तशीच ठेवून वर आले म्हणणार होते,
पण खाल्ली. पिठलं गरम होतं.

मग पारडी बदलली.
कोड डावीकडं, डेटाबेस उजवीकडं: सारखं.
डेटाबेस डावीकडं, कोड उजवीकडं: वेगळं.
माझी ओळ फक्त डाव्यालाच लांबी विचारत होती,
डाव्याला नसली की उजव्याचं काहीही खपवून घेत होती.
तोच माझा पासंग, रात्री दीडचा.

ओळ काढली. चाचणी दोन्ही बाजूंनी लावली.
अवजार थोडं थांबलं, आणि म्हणालं, फरक एक.
पंचवीस तिकडं, इकडं मोकळं.
“किती निघाले?” खालून आवाज.
“एक.”
“मंग बरं हाय.”

कॉलम रुंद झाला, पण कापलेली अक्षरं
त्यानं काही परत येत नाहीत.
संध्याकाळी फरहाना आवक वही घेऊन फोनवर,
ती वाचतेय, मी भरतेय,
मोंढ्यात ट्रक मागं घेताना कुणीतरी
“आन दे, आन दे” करतंय.
“वो गुरुपादप्पा वाले,” ती म्हणाली, “मठपती है.”
ठ नीट ऐकू आला नाही.
“फिर से बोल,” मी म्हटलं.