काटा

एकवीस हंगाम मी काट्यावर बसलो,
साखर कारखान्याच्या, उसाच्या.
गाडी चढायची, आकडा हलायचा, थांबायचा,
आणि मी लिहायचो तो
थांबलेल्यापेक्षा जरा अलीकडचा असायचा.
वरून तसं सांगितलेलं होतं.
यापुढं विचारू नका.

आता येलदरीच्या पाण्याकाठी बसतो.
जानेवारी. परभणीचा पारा पाचावर आलाय म्हणतात;
इथं धरणावर तो कितीवर, कोण मोजतंय?
धुकं म्हशीसारखं पाण्यात बसलंय, उठत नाही.
माझी कानटोपी, मुंजाजीची घोंगडी,
दोघांत एक बिडी.

दिवाळीनंतर पुतण्यानं, निनादनं, फोटो पाठवला होता:
उत्तरेकडचं कुठलंसं तळं, पार गोठलेलं,
बर्फाला परातीएवढं भोक,
त्यातून वर काढलेला लांब जबड्याचा मासा
बारशातल्या बाळासारखा दोन्ही हातांवर.
खाली लिहिलेलं, एकशे बारा सेंटिमीटर. सोडून दिला.

मुंजाजीनं फोन लांब धरून पाहिला.
"सोडला?"
"सोडला."
"मंग धरला कामून?"
मी सांगितलं, तिकडं मोजतात, फोटो काढतात,
कपाळाचा मुका घेतात आणि पाण्यात परत.
मुंजाजी जाळ्याची गाठ दातानं ओढत राहिला.
"पोट भरल्याली माणसं," म्हणाला.
आणि बऱ्याच वेळानं,
"पर पाण्यावर उभं ऱ्हातेत, हे खरंय का?"

निनादनंच धाडलेली काठी, कुरिअरनं आलेली,
चरखीसकट. गळाला कोंबडीचं आतडं.
तीन आठवडे नुसतं आतडं भिजवलं.
आज दिसायला लागायच्या आधी
चरखी एकदम किंचाळली.

पाऊण तास.
बोटं माझी आहेत की काठीची, कळेना.
तो खाली बसायचा, धरणाच्या तळाला,
पाण्याखाली गेलेल्या कुणाच्या बांधाला टेकून असेल,
मग निघायचा, नांगरट करत निघायचा.
मुंजाजी छातीभर पाण्यात उतरलेला, दात वाजतायत,
"ढील द्या सायेब, ढील! ऊस न्हाई ह्यो!"

शिवडा.
अंगावर एक खवला नाही,
पाठ शेवाळी, पोट चुन्याचं,
मिशा माझ्या हाताएवढ्या,
आणि एवढासा डोळा, कुणाचीच ओळख न देणारा.
ताणकाट्याला लावला. सुई थरथरली, बसली.
मी तीनदा पाहिलं. साडेअकरा.
"साडेअकरा!" मी ओरडलो.
मुंजाजी लुगडं पिळावं तशी घोंगडीची कड पिळत होता.
"तुमचं साडेअकरा म्हंजी किती, सायेब?"

हसलो. दुसरं काय करणार.

तेवढ्यात वाटलं होतं सोडावा.
खरंच वाटलं. पण मुंजाजीचे पाय निळे पडलेले,
आणि त्याच्या जाळ्यात आज
चिलापी सोडून काही नव्हतं.
"तुझा," म्हणालो.
तो नको म्हणाला नाही.

नऊला हैदराबादकडं जाणारा टेम्पो आला.
भुशाच्या पोत्यात बर्फाच्या लाद्या,
आमच्या मुलखाला ठाऊक असलेला एवढाच बर्फ.
गाडीवाल्याच्या पोरानं शिवडा ताटात टाकला.
"धा किलो."

मुंजाजीनं काट्याकडं पाहिलंच नाही.
त्यानं माझ्याकडं पाहिलं.

मला कुठं बघायचं ते माहीत होतं.
एकवीस हंगाम माहीत होतं.
"बाळा," मी म्हणालो, "ताटाखालचा अंगठा काढ."
पोरगं लाजलं, अंगठा निघाला,
सुई चढली आणि सव्वाअकरावर अडली.
"पाणी गळालं," पोरगं म्हणालं.
पाव किलोवर मी भांडलो नाही.
गळतं पाणी. काही वेळा खरंच गळतं.

दुपारी निनादनं विचारलं, "काका, सोडला ना?"
बोट बराच वेळ काचेवर धरून बसलो,
मग लिहिलं, "बर्फावर ठेवला."
त्यात खोटं काही नव्हतं.