बसू का

मोजणीचं यंत्र तिवईवर चढवलं तेव्हा नऊ वाजलेले.
मुस्तीच्या शिवारात ज्वारी छातीला लागलेली,
काळ्या रानाच्या भेगा दवानं अजून मऊ.
मी निगडीचा. इथं बदलीवर, चौथा महिना.
बगलरस्त्याची हद्द, गट नंबर दोनशे अकरा,
आणि नेमके मधल्या रेषेवर
बाभळीखाली चुना फासलेले दगड.

"काय लिव्हलालाव सायब?"
भीमशा तळवार, आमचा साखळीवाला.
साखळ्या जाऊन उपग्रह आले,
त्याच्या हुद्द्याला कुणी हात लावला नाही.
"दगड, सात," म्हटलं.
"दगड न्हवं. बाया हायत."

तक्त्यात झाड होतं, विहीर होती,
पत्र्याचं शेड, बोअर, देऊळ.
देऊळ म्हणावं तर भिंत नाही, कळस नाही,
आमच्या सोसायटीतल्या संगमरवरी गणपतीसारखं
आरतीचं वेळापत्रक नाही.
शेवटचा रकाना: इतर.
पेन तिथं नेलं, आणि
कुणाच्या तरी आत्याला इतर म्हणावं तसं वाटलं.

सावली बघून बसायला गेलो.
"आसं न्हाई. इचारा आधी."
कुणाला?
"जागंला."
मी हसलो. तो हसला नाही.
तेव्हा, बाभळीकडे न बघता,
तोंडातल्या तोंडात, चोरून केल्यासारखं म्हणालो:
बसू का?
मुंगळ्यांची एक ओळ वळून गेली.
"बसा आता," भीमशा म्हणाला.

पोथी आहे का यांची?
"पोथी वाचणाऱ्याला लागती. ह्यांना भाकरी लागती."
नावं?
सहा सांगितली, त्यातली दोन कानडी.
सातवीचं दिवसा घेत नाहीत.
चौथी रुसकी, तिला हिरवा चुडा.
आणि तो पलीकडच्या बांधावरचा पीर?
"त्यो भाऊ हाय त्यांचा,"
हे त्यानं विहिरीची खोली सांगावी
तितक्या सरळ सांगितलं.

त्या दिवशी येळवस होती, हे मला माहीत नव्हतं.
शिवगंगा बिराजदार डोक्यावर दुरडी घेऊन आली,
मागं पोरंसोरं, जावा, सोलापुरातल्या टॉवेल कारखान्यातून
सुट्टी काढून आलेला दीर.
आंबिलीचा लोटा घेऊन ती रानाभोवती फिरली,
पिकावर शिंपडत,
यंत्राच्या तिवईवरही चार थेंब.
माझ्यापुढं भज्जी, उंडे, शेंगाची चटणी.
"रस्त्याचे नव्हं तुमी? जेवा."
माझा घास तसाच हातात.
"रस्ता येईल की. येणाऱ्याला कोण आडवतंय.
पर ह्यांना सांगितलं का कुणी?"

हलवता येतात का त्या, मी विचारलं.
"येतात की. लेक माहेरी जाती तशा जातात.
पर आपल्या पायानं न्हाई.
मुराळी लागतो."
मुराळी कोण?
भीमशानं पानावरून मान वर केली
आणि माझ्याकडं बघितलं.
पोरंही बघू लागली.

पुढच्या अमावास्येला सुट्टीचा अर्ज टाकला.
कारण: घरगुती.
नवं फडकं, हळद, सात चोळखण,
चुडीवाल्याकडून एक हिरवा चुडा.
एकेक उचलताना वाटलं होतं हलक्या असतील.
पीराच्या बांधापर्यंत एकशे चाळीस मीटर;
मोजले होते, तरी ते अंतर
माझ्या कुठल्याच नकाशात बसत नाही.
सातवीला भीमशानं डोळे मिटून नेलं.
मीही मिटले, आणि ठेचकाळलो.

विश्वास बसला का, विचारू नका.
अहवालात मी लिहिलं: अडथळा नाही.
ते खरं आहे, आणि पुरेसं नाही.

जुळे सोलापुरात भाड्याची खोली,
खाली कडुलिंब, त्याखाली माझी स्कूटर.
रात्री उशिरा आलो की
घरमालक झोपलेत हे बघून घेतो,
मग इंजिन बंद करून म्हणतो,
लावू का?

उत्तर येत नाही.
हल्ली मी थोडा थांबतो.