तातडीचं असल्यास

उद्यमबागेत आमची फौंड्री.
डिस्पॅचच्या टेबलाला दोन खुर्च्या,
एक माझी, एक मुचंडीकरांची.
त्यांच्या खुर्चीवर उशी आहे.
आल्या दिवशीच म्हणाले,
विषयाची ओळ मोकळी सोडायची नाही, पोरी,
सगळी कॅपिटल अक्षरं टाकायची नाहीत, ओरडल्यागत होतंय,
आणि रागात लिहिलेला मेल
चहा पिऊन आल्यावर पाठवायचा.
मी चहा पिऊन येते
आणि बहुतेक वेळा पुसूनच टाकते.

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला त्यांनी रजा काढली.
अकरा वर्षांत पहिल्यांदा सलग चार दिवस.
जाताना ऑटो रिप्लाय लावून गेले, इंग्रजीत:
मी सोमवारपर्यंत कार्यालयाबाहेर आहे,
आपल्या मेलबद्दल आभारी आहे.
त्याच संध्याकाळी गोकाकहून ईरण्णा बडिगेरांनी
वॉल्व्ह बॉडीची चौकशी पाठवली,
आपलाही ऑटो रिप्लाय चालू केला
आणि भाच्याच्या लग्नाला अथणीला गेले.

मग रात्रभर
ह्यांनी त्यांना कळवलं, मी नाही.
त्यांनी ह्यांना कळवलं, मीही नाही.
आभारी आहे.
आभारी आहे.
भोंगा झाला, भट्टी थंडावली,
रात्रपाळीची माणसं डबे धुऊन गेली,
खानापूरकडून दुधाची गाडी आली,
तरी दोन रिकाम्या खुर्च्या एकमेकींशी
इतक्या अदबीनं बोलत राहिल्या
की सकाळी सर्व्हर बसला.

दोन हजार तीनशे सहा.
पुसायला मला बसवलं.
पुसता पुसता वाटलं,
एवढं हे दोघं अकरा वर्षांत बोलले नसतील.
मध्ये साठेक किलोमीटर. भेट नाही.
फोनवर फक्त ट्रकचा नंबर.
आमच्याकडं पाट्या रंगवतात, त्यावर डांबर फासतात,
पुन्हा रंगवतात.
कुठल्या अक्षरात लिहिलं तर समोरच्याला लागेल
ह्याचा नेम नाही, म्हणून दोघंही
डिअर सर,
काइंडली डू द नीडफुल,
दोघांपैकी कुणाच्याच आईनं
कधी न बोललेलं.

शेवटी ईरण्णांना फोन लावला.
ऑटो रिप्लाय बंद करा म्हणून सांगायला.
मागं सनई, ताटांचा आवाज.
"हेळ्री," म्हणाले. माझं मराठी ऐकून,
"बोला की ताई."
आणि आवाज उतरवून,
"मुचंडीकर कुठं गेल्यात? बरं हाय न्हवं?"
मी गुडघ्याचं सांगितलं.
"अय्यो," म्हणाले.
ट्रकचं काही विचारलंच नाही.

सोमवारी पहिला मेल त्यांचाच.
चौदा नग, तीन ड्रॉइंग, रिगार्ड्स.
रिगार्ड्सच्या खाली देवनागरीत एक ओळ:
आईचं गुडगा आता कसं आहे

मुचंडीकरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
कन्नड ते पाण्यासारखं बोलतात,
लिहिता येत नाही.
मला शाळेत सक्तीचं होतं, तेव्हा रडायचे.
"चालायला लागली, असं कसं लिवतात गं?"
मी कीबोर्ड बदलला,
गोल गोल अक्षरं एकेक करून उतरवली.
ते मागं उभे राहून बघत होते,
वाळू झाडून पहिला नग बाहेर काढताना बघतात तसे.
मग म्हणाले, सरक,
आणि बटण स्वतः दाबलं.

दाबलं ते रिप्लाय ऑल.

एकतीस जण. पर्चेस, क्वालिटी, पुण्याचं हेड ऑफिस,
सगळ्यांना कळलं की मुचंडीकरांची आई चालायला लागली,
म्हणजे ज्यांना वाचता आलं त्यांना.
तासभर कुणी काही बोललं नाही.
मग एकच उत्तर आलं, मोठ्या साहेबांकडून:

मी सध्या कार्यालयाबाहेर आहे.
तातडीचं असल्यास
श्री. मुचंडीकर यांच्याशी संपर्क साधावा.