हात लावू नये

भरतीची वेळ सांगणारा तो प्रोग्राम
मांडवीत चाळीस मिनिटं चुकतो.
चूक कुठे आहे ते मला दिसतं,
पण तिच्या डोक्यावर अकरा ओळींचा शेरा आहे,
पोर्तुगीजमध्ये.
लिहिणारा ब्राझीलचा. वांदेर्ले.
मी इंग्रजीत सविस्तर विचारलं, बदल सोबत जोडला.
उत्तर आलं: "का?"
एवढंच.
त्या एका अक्षरावर मी तीन दिवस रागावले.

मग फेरीबोटीने दिवाडीला गेले,
इझिदोर मास्कारेन्यसकडे.
जुन्या खरेदीखतांच्या नकला करण्यात त्यांची हयात गेली.
कॉम्प्युटर नको म्हणाले, छापून आण.
कागद नाकाला लावून
प्रत्येक वाक्याला 'सदरहू' जोडत
मराठी करू लागले:

"सदरहू वर्गास वारसाहक्काने प्राप्त..."
थांबले. "मेलो कोण?"
कुणी नाही, तसंच म्हणतात.
"सदरहू अपत्य ठार करावे, नपेक्षा ते अनाथ होईल."
त्यांनी छातीवर क्रूस काढला
आणि माझ्याकडे पाहिलं,
ही पोर कसल्या लोकांत वावरते.

शेवटच्या ओळीला मात्र हसले, ठसका लागेपर्यंत:
"येथे हात लावू नये. हे का चालते, मला ठाऊक नाही."

उत्तर त्यांनीच सांगितलं.
'परमश्रेष्ठ महोदय' इथून सुरुवात,
मग चुकीची चतुःसीमा:
पूर्वेस खाजन, पश्चिमेस नदी,
आणि मध्ये चाळीस मिनिटं, ज्यांचा कुणी धनी नाही.
मी अक्षर अक्षर विचारत टाइप केलं.

रात्री वांदेर्लेचं लांबलचक पत्र.
इंग्रजी त्यालाही जड जातं.
तो 'का' रागाचा नव्हता,
तेवढाच त्याला येत होता.
खाली विचारलं होतं,
हे पत्र लिहिणारे गृहस्थ हयात आहेत का?

अकरा ओळींखाली आता आमची बारावी:
'हात लायलो. आजून चलता.'
ती रोमी लिपीत हवी, इझिदोर म्हणाले.
देवनागरीत, मी म्हणाले.
त्यांची कोंकणी मी अडखळत वाचते,
माझी त्यांना वाचताच येत नाही,
आणि मघापासून आम्ही तिच्यातच भांडतोय.
शेवटी दोनदा लिहिली.

त्या नादात फेरी चुकली.
धक्क्यावर बसून मी पाणी मोजलं.
अजून सहा मिनिटं उशीर.